राजा एक घर मागे

चष्म्याची काच फुटली म्हणून एक गृहस्थ सकाळी दुकानात आले. सुरुवात एवढीच. चष्म्याच्या दुकानात दुसऱ्या कशासाठी कोण येणार?

दुकान बहीणभावाचं होतं. पुढे काउंटर आणि फ्रेमांची कपाटं, मागे काचा घासायची खोली. धाकटी बहीण डोळे तपासायची, थोरला भाऊ काचा घासायचा. आता भाऊ नव्हता, तेव्हा दोन्ही कामं तिच्याच गळ्यात होती. काउंटरमागच्या भिंतीवर त्याचा फोटो होता. त्यात तो कुणाकडे तरी बघून हसत होता.

गृहस्थांनी फुटका चष्मा काउंटरवर चाचपडत ठेवला.

"बाई, तुम्हीच ना त्या? बुद्धिबळाच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला माझ्याशी खेळलेल्या?"

तिने त्यांना ओळखलं. शेजारच्या गावचे निवृत्त पोस्टमन. मागच्या हिवाळ्यात ती त्यांच्याकडून हरली होती.

"आवाजावरून ओळखलंत होय, काका?"

"मग काय करू? चष्म्याशिवाय मला समोरचा हत्ती दिसत नाही. पटावरचा नव्हे, खराखुरा." ते स्वतःच्याच विनोदाला हसले. "पत्ता विचारत विचारत आलो. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. चष्माही होईल आणि तुम्हाला विचारताही येईल. डाव का सोडलात हो त्या दिवशी?"

"हरला होता म्हणून."

"हरला होता? अहो, मी मेलो होतो! जिंकत तुम्ही होतात."

"काका, चेष्टा करताय. माझा घोडा कोपऱ्यात अडकला होता. पुढच्याच खेळीला जात होता."

"जाऊ द्यायचा की! मलाही तेव्हा दिसलं नव्हतं. दाखवलं एकाने. पण आत्ता सांगणार नाही. तुम्ही शोधा. संध्याकाळी चष्मा न्यायला येतो, तेव्हा ताडून बघू."

आणि ते भिंतीला हात लावत लावत निघून गेले. जाताना त्यांना कल्पनाही नव्हती की आपण या बाईच्या पायाखालची फरशी काढून नेतो आहोत.

कारण तो डाव साधा नव्हता. डाव अर्ध्यावर असताना पंच तिच्या कानाशी वाकले होते. इस्पितळातून निरोप आहे, लगेच या. दादा आठवडाभर तिथेच होता, घशात नळी घालून, यंत्राच्या श्वासावर. तिने पटाकडे पाहिलं. घोडा अडकलेला, प्यादी विस्कटलेली. हरलेला डाव ओढत बसायचा नाही, हा बुद्धिबळवाल्यांचा शिष्टाचार. मात होईपर्यंत खेळतो तो अडाणी. जाणता माणूस शेवट दिसला की हात पुढे करतो आणि उठतो. ती तशीच उठली.

इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढूनच बोलायला सुरुवात केली. आशा नाही, असं म्हणाले. आशा नाही की खाट नाही, हे विचारायची सोय अशा ठिकाणी कुणी ठेवलेली नसते. बाहेरच्या व्हरांड्यात स्ट्रेचरवर माणसं रांगेत होती, आणि डॉक्टरांचं लक्ष बोलताना त्या रांगेकडे होतं. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "दोन दिवस थांबू या का गं?"

आणि ही, क्लबातली जाणती खेळाडू, म्हणाली, "वहिनी, डाव संपलाय. उगाच ओढू नये."

यंत्र काढायच्या कागदावर सही तिनेच केली.

त्यानंतर तिने सगळ्यांना, आणि रात्री उशीला, एकच सांगितलं होतं. दोन्हीकडे काही उरलं नव्हतं. वाक्य असं घोटून गुळगुळीत केलं होतं की त्याला कुठे कोपरा राहिला नव्हता. आता एक अर्धा आंधळा म्हातारा येऊन म्हणतो, जिंकत होतात! एक खोटं निघालं तर दुसऱ्याचं काय?

डाव खरोखर हरलेला होता, हे तिला सिद्ध करायचं होतं. आणि तेही संध्याकाळच्या आत.

तिने काकांची काच घासून चष्म्यात बसवली, दुपारी दुकानाचं दार लावून घेतलं आणि मागच्या खोलीत पट काढला. स्पर्धेच्या दिवसापासून तो पेटीत होता. खोलीला खिडकी नव्हती. बाकावरच्या दिव्याचा पिवळा गोल पटावर पडत होता, बाकी सगळा अंधार. काचेच्या ओल्या भुकटीचा वास भिंतींत मुरलेला. पटाशेजारी तिने सवयीने दोन तबकड्यांचं घड्याळही ठेवलं. त्याला किती तरी दिवसांत चावी दिलेली नव्हती. ते गप्प होतं.

समोर दादाची खुर्ची होती.

घरचा रिवाज असा होता की ती हरून आली की जेवणाआधी डाव इथे मांडायचा. ती आपल्या बाजूने, दादा प्रतिस्पर्ध्याच्या. बसल्या बसल्या तो आपल्या घोड्यांची तोंडं स्वतःकडे वळवून घ्यायचा. म्हणायचा, "घोड्यानं धन्याकडे बघावं गं चिंगे. शत्रूकडे बघितलं की बुजतो." मग एकेक खेळी बदलून बघायची आणि दर वेळी तो विचारायचा, "हे बरं, की आधीचं?" डोळे तपासताना भिंगं बदलत गिऱ्हाइकाला ती विचारायची, तोच प्रश्न. तो तिची नक्कल करायचा. ती चिडायची.

या डावाच्या वेळी समोर बसायला कुणी नव्हतं. म्हणून हा डाव तेवढा राहून गेला होता.

तिने मोहरे मांडले. डाव पाठ होता. पहिल्या काही खेळ्या सरसर झाल्या. तेवढ्यात घासायच्या यंत्राचा नळ ठिबकताना ऐकू आला, म्हणून ती उठली, तो घट्ट केला आणि परत आली.

काळे घोडे रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून उभे होते.

आपल्याच हाताची जुनी सवय असेल, असं तिने मनाला सांगितलं. पण हात मांडीवरून लगेच वर येईना.

डाव पुढे सरकला. अदलाबदल झाली, वजीर गेले, हत्ती गेले. पंच कानाशी वाकले होते, ती जागा आली. दोन राजे, दोन घोडे, थोडी प्यादी. तिचा घोडा कोपऱ्यात अडकलेला. त्याला वाचवून पाहिलं, हरली. प्यादं पुढे ढकललं, काळ्या घोड्याचा शह बसला, हरली. तिला हायसं वाटलं. बघा, हरलेलाच होता! उगाच काका...

तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला.

आधी वाटलं, नळच. पण नळाला असा दम नसतो. लांब फुसकारा... मग विराम... मग खाली बसणारा उसासा. पुन्हा फुसकारा. आठवडाभर इस्पितळात काचेपलीकडून तिने तोच ताल ऐकला होता. आणि काचेच्या भुकटीच्या वासात आता दुसरा एक वास मिसळला होता, निलगिरीचा. थंडीत दादा छातीला चोळायचा तो.

दिव्याच्या गोलापलीकडे तिने पाहिलं नाही. पाहावं असं तिला फार वाटलं. पण पाहिलं नाही.

"दादा...?"

फुसकारा. विराम.

"हे बरं..." आवाज खरवडल्यासारखा होता, घशात काही तरी असलेल्या माणसाचा. "...की आधीचं?"

तिने प्यादं मागे घेतलं. पुन्हा घोड्याला हात लावला.

"हे बरं... की आधीचं?"

"दोन्ही वाईट," ती पुटपुटली. "काहीही केलं तरी हरतेय मी. काय करू... सांग ना."

नुसता तो ताल चालू राहिला, धीराचा, कुठलीही घाई नसलेला. आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की या पटावर काही करायचंच नाही. तिने राजा उचलला आणि एक घर मागे ठेवला. ना शह, ना मारामारी. नुसतं थांबणं. ज्या शहाची तिला धास्ती होती तो राजा सरकल्यावर बसतच नव्हता. आता पाळी काळ्याची. त्याने कोपऱ्यातला घोडा मारला तर तिचं प्यादं वजीर होत होतं. प्यादं अडवलं तर घोडा सुटत होता. आणि बुद्धिबळात पाळी सोडता येत नाही. हलेल तो मरेल.

तिने सगळ्या बाजूंनी तपासलं. जितकं तपासलं तितकं ते स्वच्छ दिसत गेलं, नेमकं भिंग डोळ्यांपुढे यावं तसं.

डाव जिंकलेला होता. फक्त थांबायचं होतं.

"दादा, मला दिसलं नव्हतं रे..." ती म्हणाली. "मला कसं दिसणार होतं?"

बाहेर दाराची घंटा वाजली. आतला ताल थांबला.

काका सकाळी म्हणाले होते तसे संध्याकाळी आले होते. तिने पदराने तोंड पुसलं, दिवे लावले आणि चष्मा त्यांच्या कानांवर नीट बसवला. तोंडातून सवयीने निघून गेलं, "आता बरं दिसतंय, की आधी?"

"आता! वा. मग, सापडलं का?"

"राजा एक घर मागे."

"शाब्बास! मलाही हेच..." बोलता बोलता काकांची नजर तिच्या खांद्यावरून भिंतीवर गेली. ते पुढे वाकले. "अरे, हेच की ते!"

"कोण?"

"ज्यांनी मला दाखवलं ते! तुम्ही उठून गेलात आणि हे तुमच्या खुर्चीत येऊन बसले. मला वाटलं, कुणी बघायला आलेले असतील. एवढ्या थंडीत पायात काही नव्हतं, मनगटाला कसलीशी पट्टी. आधी घोड्यांची तोंडं फिरवली. मग राजा मागे घेतला. हे तुमच्या घरचेच की काय?"

"दादा माझा." तिला स्वतःचा आवाज दुरून आल्यासारखा वाटला. "काही... बोलला तो?"

"बोलताना फार धाप लागत होती हो. एवढंच म्हणाले, 'तिला सांगा, थांब.' मी दारापर्यंत धावत आलो, पण तुमची गाडी वळली होती." काका ओशाळले. "आयुष्यभर टपाल वाटलं, बाई, कुणाचं पत्र कधी अडकवलं नाही. पण म्हटलं, डावाबद्दलच तर निरोप आहे. भेटतील तेव्हा सांगू. काय घाई आहे?"

ती गाडी इस्पितळाकडे निघाली होती. सही अजून व्हायची होती.

"आता बरे आहेत ना ते?" काकांनी विचारलं.

"दांडी कानामागे टोचत नाही ना?" तिने विचारलं.

"नाही नाही, झकास."

ते गेले. तिने दाराला कडी घातली. घरी जायची वेळ झाली होती, वहिनी वाट बघत असणार. वहिनीला हे सांगायचं की नाही? सांगायचं तर कुठल्या तोंडाने? आणि न सांगता तिच्यासमोर जेवायला बसायचं तरी कसं? ती मागच्या खोलीकडे वळली, दिवा मालवायला.

उंबऱ्यापाशीच तिला टिकटिक ऐकू आली.

पट तसाच होता. पांढरा राजा एक घर मागे, काळ्याची पाळी. घड्याळाचं काळ्याच्या बाजूचं बटण वर उठलेलं होतं. म्हणजे वेळ समोरच्याची चालू होती. खुर्ची पटाजवळ ओढलेली होती, विचार करताना दादा ओढून घ्यायचा तितकी.

हलेल तो मरेल. आणि ती खेळी तिनेच त्याच्याविरुद्ध केली होती.

घड्याळ थांबवावं, पट उधळून द्यावा, असं तिला वाटलं. तिचा हात पुढे झालाही. मग तिने तो मागे घेतला आणि मुकाट्याने आपल्या जागी बसली.

"थांबते मी," ती अंधाराला म्हणाली. "तू सावकाश विचार कर."

टिकटिक चालू राहिली. बराच वेळ गेल्यावर तिने तबकडीकडे पाहिलं. काटा पहिल्या जागेवरून हलला नव्हता.