बाऊल बोक्याची पिल्लं

मांजर टोपलीत घालून विरुपाक्ष मैंदर्गीला निघाला, तेव्हा त्याच्या बायकोला, रत्नम्माला, हसूच आलं. सोलापुरात शुक्रवार पेठेत त्यांचा हातमाग. खळ लावलेलं सूत उंदीर कुरतडत, आणि घरची मनी उंदीर दिसला की अंग चोरून बसे. रत्नम्माचा मैंदर्गीचा भाऊ मायाप्पा म्हणाला होता, "माजावर आली की आणा. ज्वारीच्या कडंला बांधू. रानातला बाऊल बोका येतोय, रानमांजराच्या जातीचा. त्याची पिल्लं लई कडक निघत्यात."

तीन पिल्लं झाली, मागाच्या खड्ड्यात. दोन महिन्यांत उंदीर संपले. मग शेजारच्या इमामबीच्या कोंबड्या संपल्या. पिल्लांना हात लावायची सोय नव्हती, फिस्कारून अंगावर येत. एके दुपारी त्यातलं थोरलं पाळण्याच्या काठावर बसलं होतं. रत्नम्माच्या तीन महिन्यांच्या बाळाच्या गळ्यावरून त्याची नजर हलत नव्हती.

विरुपाक्षानं तिन्ही पोत्यात भरली आणि विहिरीत सोडली. मांजराचं पाप काशीला जाऊनही फिटत नाही, हे रत्नम्माला ठाऊक होतं. पण तिला आपलं पोर हवं होतं.

आचळं तटतटलेली मनी दिवसभर घरात ओरडत फिरली.

दुसऱ्या दिवशी सुताच्या कांड्या भरता भरता रत्नम्माचा डोळा लागला. उठून बघते तो पाळणा रिकामा! बाळ सापडलं इमामबीच्या बाजेखाली, चिंध्यांत गाढ झोपलेलं. तिसऱ्या दिवशी ते पलीकडच्या घरात, सरपणामागे सापडलं. मानेवर चार बारीक दातांचे ठसे होते. रक्ताचा थेंब नव्हता.

"मांजर पिल्लं हलवतंय, रत्नम्मा..." इमामबी हलक्या आवाजात म्हणाली. "सात घरं फिरवतंय. मंग कुटं नेतंय, अल्लालाच ठावं."

तीन शेरांचं मांजर सहा शेरांचं पोर कसं उचलतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. विरुपाक्षानं मुसळ उचललं. रत्नम्मानं तोंड फिरवलं, पण अडवलं नाही. मनीला परसात पुरून त्यानं वर धोंडा ठेवला.

चौथ्या दुपारी दाराला आतून कडी होती, विरुपाक्ष मागावर बसला होता. रत्नम्मा पाळण्याची दोरी धरून बसली. आज झोप घ्यायचीच नाही, असं तिनं ठरवलं होतं, आणि खरोखरच पापणी मिटली नाही. बाळ भुकेनं रडलं. ती पदर सावरून उठते, तोवर ते एकाएकी गप्प झालं. पाळण्यातून चुटुचुटु आवाज येऊ लागला. पाळण्यात न डोकावता ती दोरी धरून जागीच उभी राहिली. किती वेळ गेला, तिला कळलं नाही.

आवाज थांबल्यावर तिनं बाळाला उचललं. पोट टम्म होतं. छातीशी धरलं तर त्यानं तोंड फिरवलं. ओठांवर दूध होतं, कोमट, आणि दुधात काळी, ओली माती.

"पोर पेलं का गं?" मागावरून विरुपाक्षानं विचारलं.

'व्हय' म्हणावं की 'न्हाय', रत्नम्माला कळेना.