आउगुस्टिनची रिकामी रात्र

गेल्या वर्षी तेरा नोव्हेंबरला, गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमाराला बेनोन फोर्मेला इथे बंबखान्यात बाक न्यायला आला. बाक म्हणजे हेच दोन, ज्यांच्यावर तुम्ही आत्ता पाय पसरून बसलाय. मी कुलूप काढून दिलं. कोण गेलं, हे विचारायची गरज नव्हती. मंगळवारी आउगुस्टिन हिंत्स गेला होता, शुक्रवारी माती होती, आणि मातीच्या आदल्या रात्री, रिकाम्या रात्री, त्याच्याकडे गायला येणाऱ्यांना टेकायला जागा हवी होती.

हसू नकोस, फाबियान. त्या रात्री तूही तिथे होतास. फक्त अर्ध्यातून उठून गेलास.

बेनोनला तुम्ही ओळखता. शाळेची बस चालवतो, पोरांवर ओरडतो, आणि आउगुस्टिन थकल्यापासून गावातल्या प्रत्येक मयताला गाणं उचलून देतो. बाकाला एका बाजूनं त्याचा हात, एका बाजूनं माझा. बसच्या मागच्या दारातून आम्ही बाक आत सरकवत होतो.

"अकरापर्यंत आटपाल ना?" मी विचारलं.

"सहापर्यंत."

"सकाळी सहा? डोकं ठिकाणावर आहे का? आता कोण गातं रात्रभर? अकराला कॉफी, केक, आणि चला आपापल्या घरी."

"आउगुस्टिनकाकांना शब्द दिलाय. सहाची घंटा होईपर्यंत. एकही कडवं गाळायचं नाही."

"आणि पावणेसातला पोरांची बस कोण हाकणार? आउगुस्टिन?"

तो हसला नाही. बसच्या शेवटच्या सीटकडे बघत हळूच म्हणाला, "लेओन, तुला पुदिन्याचा वास येतोय का रे?"

मला डिझेलचा येत होता.

त्या वासाचं असं होतं. बेनोनची आई, क्लाराकाकू, तपकीर ओढायची. आपल्याकडे पुरुष चारचौघांत ओढतात, बायका चुलीमागे. ही बाई मात्र पाद्रीबाबांसमोर ओढायची आणि वर त्यांनाच डबी पुढे करायची. तपकीर दुकानातली नाही. स्वतःच्या परसातलं तंबाखूचं पान, मातीच्या भांड्यात दांडक्यानं घोटलेलं, जाडंभरडं, काळंकुट्ट, वर वाळलेल्या पुदिन्याची पूड. तसली तपकीर पंचक्रोशीत दुसरं कुणी करत नव्हतं. रिकाम्या रात्री गायला आली, की तीनच्या सुमाराला, झोप अगदी अंगावर येते तेव्हा, ती बाकाच्या टोकावर दोन चिमटी मांडायची. एक तिची, एक लेकाची. "ओढ," म्हणायची, "नाहीतर मेलेल्याच्या आधी तूच झोपशील."

आउगुस्टिनच्या चार वर्षं आधी ती गेली. तिच्या शवपेटीशेजारी बेनोननंच गाणं उचललं. निरोपाचं गाणं तुम्हाला आता कुणी शिकवत नाही, म्हणून सांगतो. चोवीस कडवी. एक कडवं गेलेल्याच्या तोंडचं, एक मागे राहिलेल्यांच्या. गेलेला उंबऱ्याचा निरोप घेतो, चुलीचा घेतो, शेजाऱ्यांचा, गुरांचा, आणि शेवटी, तेविसाव्या कडव्यात, नाव घेऊन आपल्या पोरांचा. मग चोविसाव्यात मागे राहिलेल्यांनी त्याला मोकळं करायचं. जा, आम्ही तुला सोडलं, असं म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय माणूस घरातून निघत नाही, असं आमची जुनी माणसं धरून चालायची.

बेनोननं चौथ्या कडव्यावर पुस्तक मिटलं. "सकाळी ड्यूटी आहे," म्हणाला. लोकांना तेच हवं होतं, भराभर उठले. आउगुस्टिन तेवढा बसून राहिला.

"बेनोन, आईनं अजून तुझा निरोप घेतलेला नाही."

"काका, तिला काय कळतंय आता?"

"तिला कळत नसेल. तुला कळेल."

ड्यूटीचं निमित्त होतं, हे बेनोननं तेव्हा कुणालाच सांगितलं नाही; बायकोलाही नाही. त्याला पुढचं म्हणताच येईना. आईला तोंडानं 'जा' म्हणणं त्याच्यानं होईना.

तेव्हापासून त्याला चैन नव्हतं. रोज रात्री तीनला टक्क जाग. उठायचा, स्वयंपाकघरात यायचा, दार लावलेलं बघायचा, परत आडवा व्हायचा, परत उठायचा. पोरं उतरवून रिकामी बस घेऊन तळ्याच्या रस्त्यानं येताना मागून पुदिन्याचा वास यायचा. आरशात बघावं तर शेवटची सीट रिकामी. थांबवून मागे जावं तर सीट रिकामीच. त्याची बायको रेगिना म्हणायची, "दिवसभर चाळीस पोरं च्युइंगम चघळतात बसमध्ये. पुदिन्याचा नाही तर काय गुलाबाचा वास येणार?" बरोबर होतं तिचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत, महिनाभर एकही पोर बसलेलं नसताना, तो वास आला, हे मात्र त्यानं तिला सांगितलं नाही.

आणि आउगुस्टिननं मरताना त्याला नेमकं तिथेच पकडलं. आउगुस्टिनकडे हातानं लिहिलेली गाण्यांची वही होती, त्याच्या आजोबांची. जर्मनांच्या राज्यात शाळेत आपल्या भाषेत प्रार्थना म्हटली तर मास्तर वेतानं फोडून काढायचा. त्या दिवसांत आजोबांनी ती मधमाश्यांच्या पेटीखाली लपवून उतरवून घेतली होती. छापील पुस्तकात निरोपाची बाराच कडवी उरलीत. वहीत चोवीस आहेत. बेनोनचा वीस वर्षं तिच्यावर डोळा होता.

"वही तुझी," आउगुस्टिन म्हणाला. "पण माझ्या रात्री पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत गायचीस. निरोपाचं तर अख्खं. मी ऐकतोय असं समज."

बेनोन हो म्हणून बसला. मरणाऱ्याला नाही कसं म्हणणार?

तर ती रात्र. पेटी मधल्या खोलीत. हे दोन बाक समोरासमोर, भिंतींना लागून, मधे पेटी. उशाशी मेणबत्ती. भिंतीवरचं घड्याळ म्हातारा गेला त्या क्षणाला थांबवलेलं, सव्वाचारला. संध्याकाळी सहाला जपमाळ झाली, मग गाणी सुरू. अकराला घर ओस पडलं. आउगुस्टिनची मुलगी वुत्सिया ग्दिनियाहून आलेली, तीन रात्री जागलेली; तिला बेनोननंच वर झोपायला पाठवलं. उरले तिघं. बेनोन, हुबेर्ट आणि हा आपला फाबियान.

एक पन्नासला इथला भोंगा वाजला. रेग्लिन्स्कींचं धुराडं पेटलं होतं. आठवतं ना?

"तासाभरात आलोच," हुबेर्ट जाकीट चढवत म्हणाला.

"गाणं तुटतंय," बेनोन म्हणाला.

"बेनोन, तिकडे आग लागलीय! म्हातारा कुठे पळून जातोय?"

गेले दोघं. दार आपटलं. बंबाचा आवाज तळ्यापलीकडे विरून गेला.

आता त्या घरात जिवंत आणि जागा असा बेनोन एकटा. तो गात राहिला. थांबला की घर फार मोठं वाटायचं, म्हणून गात राहिला. मधेच उठायचा, मेणबत्ती नीट करायचा, बसायचा. फोन बघायचा. दोन वीस. दोन छत्तीस. पुढची पानं चाचपायचा, कारण निरोपाचं गाणं जवळ येत चाललं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

दोन अठ्ठावन्नला पान उलटलं. निरोप.

पहिलं कडवं गायलं. दुसरं. दोन्ही बाजू एकट्यानंच. तिसरं. चौथं.

आणि पुढचं निघेना. तिथेच. तसाच.

वहीवर नजर खिळवून तो नुसता बसला. मेणबत्ती तडतडली. वरून वुत्सियाच्या घोरण्याचा आवाज येत होता, त्याचाही आधार वाटत होता. मग तोही थांबला.

आणि समोरच्या बाकावरून कुणीतरी पाचवं कडवं उचललं.

बारीक आवाज. बाईचा. नाकात थोडा अडकलेला, आयुष्यभर तपकीर ओढलेल्या माणसाचा असतो तसा...

बेनोननं मान वर केली नाही. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती. पाचवं कडवं चुलीचं. आवाजानं ते सावकाश, एकेक शब्द ठेवत पूर्ण केलं. मग थांबला.

सहावं त्याचं होतं.

तो उठला. वही छातीशी. भिंतीला पाठ घासत दाराकडे. समोरच्या बाकाकडे बघायचं नाही, एवढंच डोक्यात. कडीवर हात ठेवला. दार किलकिलं केलं. बाहेर धुकं. धुक्यात त्याची बस. चावी खिशात. दोन मिनिटांत तो घरी...

मागे शांत.

ओरडणं नाही. हाक नाही. ती नुसती थांबली होती. चार वर्षं थांबली होती तशी.

बसकडे बघता बघता त्याला शेवटची सीट आठवली. तळ्याचा रस्ता आठवला. रोजचे तीन आठवले. आपण जिथे जाऊ तिथे ही येणार, हे त्याला कळलं. आणि मग, पोरांनो, त्याला पहिल्यांदा हेही कळलं, की ती त्याला छळायला येत नव्हती. तिला निघता येत नव्हतं. त्यानंच तिला धरून ठेवलं होतं. भीती होतीच, पण त्याहून मोठी लाज वाटली त्याला.

त्यानं दार लावलं. उभ्यानंच, भिंतीकडे तोंड करून, सहावं कडवं गायलं.

लगेच सातवं आलं.

आठवं.

नववं.

असं चाललं. आवाज पुढे, तो मागे. पुदिन्याचा वास दाटत गेला. विसावं. एकविसावं. बाविसावं.

तेविसावं.

आवाज अगदी हळू झाला. नाव घ्यायच्या जागी आला... आणि म्हणाला, "बेनुश."

बेनुश त्याला एकच बाई म्हणायची.

मग काही नाही. श्वाससुद्धा नाही. फक्त वाट बघणं.

चोविसावं कडवं चार ओळींचं आहे. बेनोन तोंड उघडायचा आणि मिटायचा. उघडायचा आणि मिटायचा. शेवटी तो वळला. डोळे मिटून घेतले, आणि समोरच्या बाकाकडे तोंड करून गायला. सूर कुठे, शब्द कुठे. लहान पोरासारखा रडत, पण चारही ओळी. तिला म्हणाला, जा.

...

पाचला तू आणि हुबेर्ट काजळीनं माखून परतलात. फाबियान, सांग यांना काय दिसलं ते. नाही सांगणार? बरं, मी सांगतो. बेनोन उभा होता, चेहरा ओलाचिंब, आणि पुढची गाणी मोठ्यानं गात होता. तू त्याच्या शेजारी उभा राहिलास आणि न विचारता गायला लागलास. तेव्हापासून गायला येतोस, ते काय उगीच?

सहाची घंटा झाली. वुत्सिया खाली आली, तिनं वही आता कायमची म्हणून बेनोनच्या हातावर ठेवली. साडेसहाला मी बाक उचलायला गेलो, तेव्हा त्यानं मला हे सगळं दारातच सांगितलं, थांबत थांबत. मी म्हटलं, जागरण आहे बाबा, होतं असं. आणि समोरच्या बाकाला हात घालायला वाकलो.

बाकाच्या टोकावर तपकीर होती.

फाबियान, तू तेव्हा म्हणालास, हुबेर्टची सांडली असेल. हुबेर्टची तपकीर दुकानातली, पिवळसर, मैद्यासारखी. ही काळी होती, जाडीभरडी. मी वास घेतला. क्लाराकाकूचं तपकीर घोटायचं भांडं तीन वर्षं शाळेच्या काचेच्या कपाटात पडून आहे, धुऊनपुसून ठेवलेलं. कुणीही जाऊन बघावं. बेनोननं ती चिमूट दोन बोटांत उचलली, ओढली, सणसणीत शिंकला, आणि बस काढायला निघून गेला. त्यानंतर आजतागायत तो रात्री तीनला उठलेला नाही.

पण माझी नजर बाकावरच होती. ती दोन चिमटी मांडायची, सांगितलं ना. एक तिची, एक लेकाची. मी गेलो तेव्हा, बेनोननं हात लावायच्या आधी, तिथे एकच होती. तिच्याशेजारी लाकडावर तेवढाच काळा डाग, आणि त्या डागात दोन बोटं ओढल्याची खूण.

तिची तिनं घेतली होती.