कातळचंडोलाची हाक

बरणीतला पक्षी आर्द्राने चिमट्याने उचलला आणि कंठवाचकाच्या काचनळीत अलगद सरकवला. वर्षानुवर्षं अल्कोहोलमध्ये राहून त्याची पिसं चहाच्या चोथ्यासारखी झाली होती. डॉ. शलाका बेहेरे पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मान सरळ ठेव." मान आधीच सरळ होती.

आर्द्रा गोठणकर सोळा वर्षांची. दहावीच्या सुट्टीत ती निसर्ग-इतिहास संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून आली, ती शाळेच्या सहलींना देवमाशाचा सांगाडा दाखवायला. पण या मुलीचे हात आणि कान वेगळे आहेत, हे पक्षी विभाग सांभाळणाऱ्या बेहेरे मॅडमच्या लवकरच ध्यानात आलं. फाटलेलं फुलपाखरू ती असं जोडायची की जोड शोधून सापडू नये. खिडकीबाहेर बुलबुल कलकलले तर ते मांजराला भ्यालेत की सापाला, हे मान वर न करता सांगायची.

कंठवाचकाला असाच कान हवा होता. पक्ष्याचा आवाज निघतो तो गळ्याच्या तळाशी, श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथल्या इवल्याशा स्वरपेटीतून. हे यंत्र क्ष-किरणांनी त्या पेटीचा पडदान् पडदा मोजायचं आणि तिच्यातून हवा गेली तर कोणते नाद उमटतील याचं गणित मांडून ते वाजवून दाखवायचं. गळा काय काय म्हणू शकतो, एवढंच त्याला कळे. पक्षी खरोखर काय म्हणत होता, ते माणसानेच ओळखायचं.

बरणीतला कातळचंडोल कोकणातल्या एका सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरचा. ही जात गेल्या पिढीत कोणीतरी शेवटची पाहिली होती. अर्धा सडा सौरपट्ट्यांखाली गेला होता आणि उरलेला अर्धा 'पडीक जमीन' म्हणून त्याच सौर कंपनीला मिळायच्या बेतात होता. तिथे अजून चंडोल आहे असं सिद्ध झालं, तरच ते थांबणार होतं.

दुपारभर ऐकल्यावर आर्द्राने एका आवाजावर बोट ठेवलं. "हा."

"कशावरून?"

"बाकीचे नुसते सूर आहेत, मॅडम. हा कोणाला तरी उद्देशून आहे."

फाल्गुनातल्या एका सकाळी त्यांनी तो आवाज सड्यावर लावला. सोबतीला वनरक्षक दत्ताराम गुरव होते. वाळल्या गवतातून वारा वाहत होता. थोड्याच वेळात मातकट रंगाचा एक छोटा पक्षी सरळ उडत आला, स्पीकरवर बसला आणि त्याच आवाजात ओरडला. पुन्हा पुन्हा ओरडला. बेहेरे मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. आर्द्राला वाटलं, हा बिचारा किती काळ कोणाची तरी वाट बघत असेल.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "आवाज बाहेर नको द्यायला, मॅडम."

"लोकांनी ऐकलंच नाही, तर ते भांडतील कोणासाठी?"

आवाज बाहेर गेला. लोकांनी ऐकला, मुलांनी नकला केल्या, रस्त्यावर मोर्चे निघाले आणि न्यायालयाने कंपनीला तात्पुरती स्थगिती दिली. मग लोक सड्यावर येऊ लागले.

दत्तारामांचा फोन आला तेव्हा आर्द्रा वर्गात होती. "ताई, जरा येऊन जावा. पक्षी दिवसभर धावतोय नुस्ता. चोचीत दाणा घेत नाय."

ती दुसऱ्याच दिवशी पोचली. सड्यावर चार-पाच टोळकी पसरली होती आणि प्रत्येकाच्या फोनमधून तोच आवाज वाजत होता. पक्षी एका फोनवरून दुसऱ्याकडे झेपावत होता, पंख फुगवून, चोच उघडी टाकून. तेव्हा तिला कळलं. आवाज उद्देशून होता हे खरंच, पण तो दुसऱ्या नराला उद्देशून होता. ही जागा माझी आहे, निघ इथून. त्या सकाळी तो कोणाला भेटायला आला नव्हता, भांडायला आला होता. आता त्याला वाटत होतं, साऱ्या सड्यावर शत्रू उतरलेत.

"काका, बंद करा तो फोन," ती एका गृहस्थांना म्हणाली.

"आम्ही काय दगड मारतोय का त्याला?" ते दुखावल्या स्वरात म्हणाले. "प्रेमापोटी आलोय इतक्या लांब."

गवताच्या एका ठोंबाआड घरटं सापडलं. अंडी उन्हात उघडी पडून तापली होती. मादी गर्दीला बुजून कधी उडाली, कोणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी दत्तारामांनी नराला कातळावरून उचलून आर्द्राच्या ओंजळीत ठेवलं. तो कागदाइतका हलका होता.

संग्रहालयात परतल्यावर बेहेरे मॅडमनी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं.

"सोमवारी न्यायालयाची समिती सड्यावर येतेय. त्यांना आवाज ऐकू आला, तर स्थगिती कायम राहील."

"तो मेलाय, मॅडम."

"मला माहितेय. ताज्या स्वरपेटीतून आवाज हुबेहूब मिळेल. एक लहानसा स्पीकर झुडपात लपवता येईल. सड्यावर बेडूक आहेत, दुसरीकडे कुठे न उगवणारी फुलं आहेत. त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही, आर्द्रा. मी तुला भाग पाडणार नाही. पण नेमका आवाज निवडणं मला जमणार नाही, तुलाच जमेल."

आर्द्राने पक्षी नळीत ठेवला, कानांवर हेडफोन चढवला आणि ती ऐकत राहिली. आव्हानाचे आवाज तिने एकेक करून बाजूला काढले. ते ती पुन्हा कधी वाजवणार नव्हती. शेवटी उरला एक बारीक, खाली उतरत जाणारा स्वर. नर हा मादीसाठी काढत असणार, याबद्दल तिला शंका उरली नाही.

मादी जिवंत असेल, तर या हाकेला ती येईल. समितीला नुसता आवाज नाही, खराखुरा पक्षी दिसेल. सडा वाचेल, त्यावरचं बाकी सगळंही वाचेल. समिती निघून जाईल, आणि मादी झुडपाशी बसून राहील.

तो स्वर स्पीकरसाठी उतरवून घ्यायच्या बटणावर आर्द्राचं बोट थांबलं. बोलावलं तर ती येईल. पण तिथे तिला भेटणार कोण होतं?