न वाळलेला निळा

माळ्यावरच्या पत्र्याच्या नळीला हात लावायचा नाही, आणि का, ते विचारायचं नाही.

घरातले बाकीचे नियम थोडेफार वाकायचे. उशीर झाला तर आत्या हळूच मागचं दार उघडून द्यायची. परीक्षेत दिवे लावले तर बाबा दोन दिवस फुगून बसायचे आणि मग आपणहून बोलायला यायचे. नळीचं तसं नव्हतं. लहानपणी एकदा माळ्यावर गेलेला चेंडू काढायला ठिणगी स्टुलावर चढली, तर काकांनी दंडाला धरून असं खाली ओढलं की खांदा आठवडाभर ठणकत होता. आजोबा नगर कचेरीत नकाशाखात्याचे साहेब होते आणि नळी त्यांची होती, एवढंच सगळ्यांना माहीत. आजोबा गेले, पण नळी जागची हलली नाही.

पोरीला घरात ठिणगी म्हणत. कौतुकानं कमी, वैतागानं जास्त.

गेल्या आठवड्यात ठिणगीनं नळी उघडली.

कॉलेजात ती शहराचा किनारा कसकसा बदलला याचा अभ्यास करत होती. जुना नकाशा घ्यायचा, त्यावर नवा ठेवायचा, दीपगृह, चौकातली विहीर, धक्क्याच्या पायऱ्या अशा जागच्या न हललेल्या खुणा एकमेकींवर बसवायच्या आणि मग काय हललं ते बघायचं. सगळ्यात जुन्या नकाशात धक्क्याशेजारी दोरवाल्यांची ओळ होती. दोर वळणाऱ्यांची घरं, एकाला एक चिकटून. आताच्या नकाशात तिथे भराव घालून पाडलेले प्लॉट. मधला नकाशा कचेरीतून गहाळ होता, तो नळीत निघाला. त्यात दोरवाल्यांच्या ओळीच्या जागी निळं पाणी होतं.

दोरवाल्यांनी त्या जागेवर हक्क सांगितला होता. उद्या सकाळी कचेरीत सुनावणी होती आणि ठिणगी तिन्ही नकाशे घेऊन तिथे जाणार होती. आणि त्याच प्लॉटांपैकी एकावर हे घर उभं होतं.

म्हणून त्या रविवारी रात्री, दिवे गेलेले असताना, काका खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "या रे सगळे इकडे. एक गोष्ट सांगतो. घडलेली आहे."

"पण मागची घडलेली गोष्ट नंतर सिनेमात निघाली," ढोल्या म्हणाला. ढोल्या म्हणजे काकांचाच धाकटा.

"गप बस. ही माझ्या ओळखीच्या माणसाची आहे."

चुलतभावंडं चटईवर सरकली. बाबा भिंतीला टेकून बसले. आत्यानं मेणबत्ती फळीवर ठेवली. ठिणगी दाराच्या चौकटीत उभीच राहिली. ही मैफल कोणासाठी भरलीये, ते तिला कळत होतं.

"कचेरीत एक आरेखक होता," काकांनी सुरुवात केली. "नकाशे काढणारा. हात इतका सरळ की सगळे त्याला रेघ्या म्हणत. तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा. एकटा जीव. त्या वर्षी मोठं वादळ झालं. समुद्र दोरवाल्यांच्या ओळीत शिरला. लोक शाळेत जाऊन राहिले. मग पाणी ओसरलं, लोक परत आले, भांडीकुंडी उन्हात घातली. पुढच्या शनिवारी, अमावस्येच्या रात्री, साहेबांनी रेघ्याच्या घरी निरोप धाडला. कचेरीत जा, नकाशा दुरुस्त कर, सकाळी वरचे लोक बघायला येणार आहेत."

"काय दुरुस्त करायचं होतं?" ठिणगीनं विचारलं.

"पाणी आलं होतं ना? तर पाणी दाखवायचं होतं."

"ओसरलेलं पाणी?"

"तू गोष्ट ऐकणार आहेस की पंचनामा करणार आहेस?" बाबा म्हणाले.

काका पुढे सांगू लागले. रेघ्या जेवून निघाला. थंडी बेताची होती. वाटेत पानाच्या दुकानावर त्यानं काडेपेटी घेतली, दुकानदाराशी दोन शब्द बोलला. कचेरीच्या पहारेकऱ्यानं कुलूप काढून दिलं आणि तो झोपायला गेला. वरच्या मजल्यावर रेघ्याचं टेबल खिडकीला लागून होतं. खिडकीतून खाली अख्खी ओळ दिसायची. घराघरात दिवे होते.

"त्या काळी शाई पुसता येत नसे," काका म्हणाले. "नको असलेली रेघ ब्लेडनं खरवडायची. अगदी हलक्या हातानं, नाहीतर कागद फाटतो. रेघ्यानं ब्लेड घेतलं. पहिलं घर खरवडलं. फुंकर मारली. मान वर केली, तर खिडकीबाहेर... ओळीतला पहिला दिवा गेलेला."

ढोल्या हसला. "झोपले असतील."

"त्यालाही तेच वाटलं. त्यानं दुसरं घर खरवडलं. दुसरा दिवा गेला."

ढोल्याचं हसू विरलं.

"तिसरं. तिसरा गेला. मग तो थांबला. ब्लेड खाली ठेवलं. वाट बघत बसला. बराच वेळ. एकही दिवा गेला नाही. मग पुन्हा ब्लेड टेकवलं... आणि बाहेर अंधार एक घर पुढे सरकला."

मेणबत्ती फडफडली. कोणी उठलं नाही.

"तरी त्यानं काम सोडलं नाही?" ठिणगीच्या धाकट्या बहिणीनं विचारलं.

"साहेबांचा शब्द होता, बाळा. नोकरी होती. शेवटचा एक दिवा उरला. त्याच्याकडे पाठ करून त्यानं ते घर खरवडलं. मागे वळून पाहिलं नाही. किनाऱ्याची नवी रेघ मारली. ब्रश बुडवला. निळा रंग भरला. आणि तेवढ्यात... दार वाजलं."

लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं.

"रेघ्यानं दार उघडलं. बाई उभी. कडेवर मूल. म्हणाली, दादा, जरा येता? आमचं घर सापडत नाहीये."

"आई गं," ढोल्या पुटपुटला.

"तो बॅटरी घेऊन निघाला. बाई पुढे. जिना उतरले. रस्ता ओलांडला. ओळीत शिरले. बॅटरीच्या उजेडात जमीन कोरडी. वाळू कोरडी. पण पाय गार पडले. वाकून हात लावला. पायजमा घोट्यापर्यंत ओला. दोन पावलं टाकली... गुडघ्यापर्यंत. खाली कोरडी वाळू. आणखी पुढे... कमरेपर्यंत. त्याला वळायचं होतं. पाय उचलेना. पाण्यात पाय उचलत नाही ना, तसा. त्यानं हाक मारली. बाई... ओ बाई... ती वळली. म्हणाली..."

काकांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, अजून थोडं आत आहे."

धाकटीनं आत्याचा पदर घट्ट धरला.

"सकाळी तिथेच सापडला. कोरड्या वाळूत. अंगावरचे कपडे कोरडे ठणठणीत. तोंडातून मात्र खारं पाणी गळत होतं. मुठीत ब्लेड." काकांनी आवाज खाली आणला. "आणि त्या नकाशातला निळा रंग अजून वाळलेला नाही. बोट लावलं तर ओलं लागतं. म्हणून म्हणतो, काही गोष्टी मिटलेल्याच बऱ्या. जुनं उकरलं की पाणी वर येतं. घरात पोरंबाळं आहेत."

आत्यानं मान डोलावली. बाबा ठिणगीकडे बघत म्हणाले, "ऐकलंस ना? ठेव ती नळी वर. उद्या बरं नाही म्हणून सांग."

ठिणगी आत गेली. सगळ्यांना वाटलं, रडायला गेली. ती नळी घेऊन बाहेर आली.

"ए पोरी!" काका खुर्चीत ताठ झाले. "रात्रीच्या वेळी..."

तिनं झाकण काढलं, नकाशा मेणबत्तीखाली फरशीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर चपला ठेवल्या. मग निळ्या रंगावर तळहात दाबला आणि सगळ्यांना दिसेल असा उलटा केला.

"कोरडा आहे, काका. ठणठणीत. फक्त खरखरीत लागतो. ढोल्या, ये, हात लावून बघ. हे एक घर. हे दुसरं. प्रत्येक घराच्या जागी कागद सोललाय. ब्लेडचं तेवढं खरं सांगितलंत तुम्ही."

ढोल्यानं बापाकडे पाहिलं. मग बोट पुढे केलं, फिरवलं आणि पटकन मागे घेतलं.

"समुद्र चढला म्हणता," ती म्हणाली. "मग दीपगृहाशी का नाही चढला? धक्क्याच्या पायऱ्या तिन्ही नकाशांत जागच्या जागी आहेत. समुद्र काय तोंड बघून घरात शिरतो? फक्त दोरवाल्यांच्याच?"

"तुला कळत नाही त्यातलं," बाबा म्हणाले. "आजोबांनी तुमच्यासाठी केलं सगळं."

"मग गोष्टीतल्या साहेबांना आजोबा का नाही म्हणालात, काका?"

काकांनी नकाशावरून नजर काढली.

"आणि ती बाई. कडेवर मूल घेतलेली. तिला भूत करून मोकळे झालात! ती धक्क्यावर दोर विकते. कडेवरचं मूल आता दोन मुलींचा बाप आहे. मी जाऊन बोलले तिच्याशी. त्या सकाळी समुद्र नव्हता आला, कचेरीच्या गाड्या आल्या होत्या. लोक स्वतःच्या अंगणात कोरड्या पायांनी उभे होते आणि त्यांना नकाशा दाखवून सांगितलं, तुम्ही पाण्यात आहात. ते कचराडेपोच्या पलीकडे राहतात, काका. बसनं पाऊण तास. जिवंत माणसांची भुतं केलीत, आणि त्यांच्या भीतीनं आम्ही दारं लावून झोपायचं?"

"ठिणगे," आत्या कळवळून म्हणाली, "हे घर जाईल गं. आपण कुठे जायचं?"

"त्यांनाही हाच प्रश्न पडला होता, आत्या. तेव्हा कोणी गोष्ट सांगत बसलं नाही."

"तू जाणार नाहीस," बाबा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"जाणार. उद्या तिन्ही नकाशे टेबलावर ठेवणार. हा नियम मी पाळणार नाही, आणि का, ते विचारलंत तरी चालेल."

कोणीच विचारलं नाही. बाबा भिंतीकडे बघत राहिले. आत्यानं धाकटीच्या डोक्यावर फिरणारा हात थांबवला.

ठिणगी खाली बसून नकाशा गुंडाळू लागली. एका कोपऱ्यावरची चप्पल काकांच्या खुर्चीशी होती. ती घ्यायला वाकली तेव्हा काकांनी हळूच दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

तिनं फरशीवर हात फिरवला. फरशी कोरडी होती.

काकांचा पायजमा घोट्यापर्यंत ओला होता.