माझी सतार कोण लावतं?

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी नागपूरची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही.

हे मी ऐकलेलं नाही. माझ्यासोबत घडलं आहे.

साल १९७१. जागा नागपूरच्या महाल भागातली, सतार शिकवणाऱ्या मनोहररावांचं घर. ते घर आता नाही. मनोहररावही नाहीत. पण जे तिथे होतं, ते गेलं असं मला अजून म्हणता येत नाही...

मी चंद्रभान. आम्ही इंदोऱ्यात राहायचो. माझा बाप धोंडबा गिरणीत कामाला होता. छप्पन साली दीक्षा घेतलेलं आमचं घर. वस्तीत गाणं-बजावणं भरपूर होतं, पण मला सतारीचं वेड लागलं. कॉलेजच्या एका कार्यक्रमात मनोहररावांची सतार ऐकली आणि झालं, डोक्यातून जाईना.

"आपल्या वस्तीत पेटी आहे, ढोलकी आहे. तुले सतारच काहून पाहिजे गा?" बापानं विचारलं.

कुरकुर केली, पण कुठून तरी एक जुनी सतार आणून दिली.

मी ती घेऊन मनोहररावांकडे गेलो. त्यांनी नाव विचारलं. मग आडनाव विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी एकदा आत बसलेल्या मुलांकडे पाहिलं.

"ये उद्यापासून," म्हणाले. "आत गर्दी असते. तू बाहेर व्हरांड्यात बस. सतारही तिथेच ठेवत जा, सायकलवर नेशील तर फोडशील."

बोलणं असं गोड की राग धरायलाही जागा नाही. बाकीची मुलं आतल्या खोलीत सतरंजीवर, मी बाहेर फरशीवर. आतूनच ते ओरडायचे, "चंद्रभान, दा... रा... हात मोकळा सोड!" मी बाहेरून दा रा, दा रा, सतारीचे हे अगदी पहिले बोल, वाजवत राहायचो. डाव्या हाताच्या बोटाला तारेनं चिरा पडल्या. आई त्यावर खोबरेल लावायची आणि तोंड वाकडं करायची.

आता एक गोष्ट समजून घ्या. सतार लावणं, म्हणजे खुंट्या पिळून तारा सुरात आणणं, हे नवशिक्याचं काम नाही. कान तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात. तोवर गुरूच शिष्याची सतार लावून देतो. त्यात नागपूरचा उन्हाळा. सकाळी लावलेली तार संध्याकाळी उतरलेली असते. त्यामुळे मनोहरराव शिकवणी सुरू करण्याआधी एकेका मुलाची सतार मांडीवर घ्यायचे, कान लावून खुंट्या पिळायचे.

माझ्या सतारीला त्यांनी कधी हात लावला नाही.

पहिल्या दिवशी दारातून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी मी गेलो...

सतार लागलेली होती.

अचूक. तिसऱ्या दिवशीही. रोज. आत मुलांच्या सतारी उन्हानं उतरलेल्या आणि बाहेर, उघड्या व्हरांड्यात, माझी मात्र सुरात. इतकी, की एक तार छेडली की खालच्या बारीक तारा, ज्यांना तरफा म्हणतात, त्या आपोआप झणझणायच्या.

मी काय समजलो असेन?

गुरुजी लावतात, असंच समजलो. मुलांसमोर हात लावत नाहीत, लोक काय म्हणतील याची भीती. पण दुपारी, सगळे झोपले की, गुपचूप येऊन माझी सतार लावून जातात. मनानं चांगला माणूस आहे. मी त्यांच्यावर जीव टाकू लागलो.

आईला सांगितलं. ती भाकर थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कोनी पाहत नसतानाच काहून लावते गा तो?"

मला आईचा राग आला.

मला फक्त एक गोष्ट हवी होती. गंडा. गुरू शिष्याच्या मनगटाला लाल धागा बांधतो, तो. तो बांधला की तुम्ही त्या घरचे. मग गुरू हातचं राखून शिकवत नाही. धागा नसेल तर जन्मभर दा रा करत बसा. मला खात्री होती, जो माणूस लपून माझी सतार लावतो, तो एक दिवस उघडपणे धागाही बांधेल.

मग ती दुपार आली.

मेचा शेवट. निकालाची चौकशी करायला कॉलेजात गेलो होतो, काम लवकर आटोपलं. घरी जाऊन पुन्हा यायचं जिवावर आलं म्हणून डोक्याला दुपट्टा गुंडाळून सरळ महालात आलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसलेली. घराघरांत खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या ताट्या लावून माणसं झोपलेली.

फाटकाशी आलो आणि थांबलो.

व्हरांड्यातून आवाज येत होता...

खुंटी पिळल्याचा. करर्... करर्... आणि मग तार. आधी बसकी. मग हळूहळू वर चढत, चढत... सुरावर येऊन थांबली.

मला हसू फुटलं. सापडले गुरुजी! चपला हातात घेतल्या. म्हटलं, चोरपावलांनी जाऊन पायच धरावेत.

व्हरांड्याच्या पडद्याआडून डोकावलो.

तिथे कोणीच नव्हतं.

सतार भिंतीला टेकून उभी होती. एकटी.

आणि तिची खुंटी फिरत होती...

मी पाहिलं. कोणाला पटो न पटो. खुंटी जराशी फिरली. थांबली. तार वाजली. पुन्हा जराशी फिरली. जसा एखादा माणूस कान देऊन, सबुरीनं लावतो, तशी.

मग दुसरा आवाज आला. घोट गिळल्याचा. पण कोरडा... घशात काहीच नसताना गिळतो तसा.

मग आतल्या दाराची कडी हलली. खूप हळू. आतल्याची झोप मोडू नये म्हणून घाबरत वाजवावी, तशी.

मी पडदा मुठीत धरला. 

दार उघडलं. शोभाताई, गुरुजींची बायको. हातात पाण्यानं भरलेला लोटा. त्यांनी मला पाहिलंच नाही. त्या सतारीजवळच्या मोकळ्या जागेकडे पाहत होत्या.

लोटा खाली ठेवला. "घे रे बाबा," म्हणाल्या. "घे आता तरी."

लोट्यातलं पाणी हललंसुद्धा नाही.

मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्या भिंतीला धरून खाली बसल्या.

"गुरुजी कुठे आहेत?" मी कसंबसं विचारलं.

"ते सकाळीच काटोलला गेले. तू... तू पाहिलंस?"

मी मान हलवली.

"मुकुंद होता," त्या म्हणाल्या. "तुमच्याच वस्तीकडचा. तुझ्यासारखाच इथे बसायचा. काय कान होता त्याचा! यांच्यापेक्षा चांगली सतार लावायचा. यांनी दरवर्षी त्याला सांगितलं, पुढल्या गुरुपौर्णिमेला गंडा बांधू. पुढल्या पौर्णिमेला. असाच मे होता. भर उन्हात रियाजाला आला. आम्ही आत झोपलो होतो."

त्यांनी लोटा स्वतःकडे ओढला.

"मी झोपले नव्हते. कडी वाजली. पाणी मागत होता. मी उठले, तर हे म्हणाले, झोप, लाडावून ठेवू नकोस. पुन्हा वाजली. मग नाही वाजली..."

त्यांनी सांगितलं, संध्याकाळी दार उघडलं तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता. मांडीवर सतार. सतार सुरात होती.

दाराच्या आत, हाताच्या अंतरावर, पाण्यानं भरलेला माठ होता. मी तो तिथे उभ्या उभ्या पाहिला.

घरी येऊन बापाला विचारलं. त्यानं विडी काढली. पेटवली नाही.

"रामाजीचा मुकुंद," म्हणाला. "लू लागून गेला, येवढंच सांगतलं होतं आमाले. तू आता तिथं जाऊन नको राहू."

मी गेलो.

का गेलो? शिकायचं होतं म्हणून. दुसरं कोण शिकवणार होतं मला? भीती वाटायची, किळसही यायची, पण पाच वाजले की पाय तिकडेच वळायचे. सतार रोज लागलेली असायची. ती कोण लावतं हे कळल्यावर बोट ठेवताना अंगावर काटा यायचा, आणि ठेवलं की सूर इतका गोड की रडू यायचं.

शोभाताईंनी नवऱ्याला सांगितलं असावं. कारण त्यानंतर मनोहरराव बदलले. दुपारचे घरी थांबेनात. आणि एके दिवशी दारात येऊन, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "या गुरुपौर्णिमेला तुला गंडा बांधतो. वडिलांना घेऊन ये."

भीतीनं बांधत होते. मला कळत होतं. मेलेल्याचं देणं जिवंताच्या मनगटाला बांधून मोकळं व्हायचं होतं त्यांना. तरी मी आनंदलो. खरं सांगतो, सायकल चालवताना गात गात घरी गेलो.

आषाढी पौर्णिमा. सकाळी आई मला विहारात घेऊन गेली. दुपारी बाप इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासोबत आला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या घराच्या आतल्या खोलीत बसलो. सतरंजीवर. मुलं भोवती बसलेली. समोर ताटात लाल धागा, पेढे.

रीत अशी की गुरू शिष्याची सतार स्वतः मांडीवर घेतो, पहिला सूर स्वतः वाजवतो, मग ती शिष्याच्या हातात देतो आणि धागा बांधतो.

मनोहररावांनी माझी सतार घेतली. पहिल्यांदाच.  बोटात मिजराब, तार छेडायची नखी, चढवली. तार छेडली...

आवाज आला नाही.

तार हलली. मी डोळ्यांनी पाहिली. सगळ्यांनी पाहिली. पण आवाज नाही.

ते कसनुसे हसले. "पावसाळी हवा आहे," म्हणाले. पुन्हा छेडली. जोरात. पुन्हा. तार नुसती थरथरत होती. खोलीत इतकी शांतता की बाहेर रस्त्यावरच्या रिक्षाची घंटी ऐकू आली.

 त्यांनी सतार माझ्याकडे ढकलली. "तू... तू वाजव बरं."

मी मांडीवर घेतली. नुसतं बोट लावलं.

अख्खी खोली भरून गेली. तरफा कितीतरी वेळ झणझणत राहिल्या.

मनोहरराव उठले. मागच्या खोलीत गेले. कडी लावली.

धागा ताटातच राहिला.

परत येताना बाप सायकलच्या दांडीवर बसला होता. म्हणाला, "आपल्या हाताले वाजलं, त्याच्या हाताले नाही. आता त्याले समजलं असन."

त्याच्या आवाजात समाधान होतं. मला ते घेता येईना. माझं मनगट मोकळं होतं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, येऊ नकोस. सतार रिक्षातून घरी आणली. वाटलं, संपलं एकदाचं. दुसरे गुरू करू.

केले. एक सीताबर्डीत, एक धरमपेठेत. दोघेही भले होते, आडनाव विचारलं नाही, आत बसवलं. पण शिकवायला माझी सतार हातात घेतली की तार मुकी. मी दुसरी सतार घेतली. ती घरी आणल्यावर दुसऱ्या दुपारी पाहिलं...

लागलेली होती.

आणि त्या दिवसापासून तीही कोणाच्या हातात बोलेना. जी सतार आपल्याच हातात मुकी होते, तिचा शिष्य कोणता गुरू ठेवेल? दोघांनीही हात जोडले. त्यानंतर मी कोणाकडे गेलो नाही.

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते खूश होतात. बरी खोड मोडली म्हणतात. मनोहररावांची मोडली असेल. त्यांनी नंतर शिकवणं सोडलं. पण मी काय बिघडवलं होतं? मुकुंदचं भांडण त्यांच्याशी होतं. मी त्याच्याच वस्तीतला, त्याच्याच जागेवर बसणारा. त्याला वाटलं असेल, या पोराच्या सतारीला आता कोणाचा हात लागू द्यायचा नाही. माझ्या भल्यासाठीच करत असेल. पण मला विचारलं का त्यानं?

आता मी म्हातारा झालो. नोकरी केली, पोरं मार्गी लागली, आईबाप गेले. घर अजून इंदोऱ्यातच आहे. उन्हाळ्यात दुपारी मी आतल्या खोलीत पडून असतो, दार सताड उघडं ठेवून. बाहेर पाण्याचा पेला ठेवतो. तो तसाच राहतो. आणि मग ऐकू येतं...

करर्... करर्...

परवा मी पडल्या पडल्या बोललो. "मुकुंददादा, सोड ना गा आता. मले शिकायचं होतं."

खुंटी थांबली. घोट गिळल्याचा तो कोरडा आवाज आला.

मग पुन्हा फिरू लागली.

संध्याकाळी मी उठून सतार मांडीवर घेतली. सूर तोच, अचूक. नात येऊन बसली, म्हणाली, "आबा, काहीतरी वाजवून दाखवा ना."

मी दा रा, दा रा केलं. त्यापुढे मला काही येत नाही.