साडेनऊपर्यंत दूध, दहानंतर शाळा

पहिल्याच सकाळी मी त्याचा अख्खा कॅन लवंडला.

चूक माझी नव्हती, हे मी आजही सांगेन. दोन विमानं, एक बस आणि एक खडखडती जीप करून मी त्या परक्या देशातल्या डोंगराळ खेड्यात आले होते — सहा महिने, बिनपगारी, मुलांना शिकवायला. शाळेची किल्ली मुठीत घट्ट धरलेली. तर दार सताड उघडं, आत बायामाणसांची रांग, आणि माझ्या टेबलाशी एक उंच तरुण दुधात काचेची नळी बुडवून, एक डोळा मिटून बघतोय. मी तणतणत पुढे गेले आणि कॅनला पाय लागला. दूध बाकांखालून वाहत उंबऱ्यापर्यंत गेलं.

“या बाई,” तो म्हणाला. “तुमचीच वाट बघत होतो.”

“ही शाळा आहे की दूध केंद्र?”

“साडेनऊपर्यंत केंद्र, दहानंतर शाळा. गावात पक्की खोली एकच आहे.”

“आणि हे दूध…?”

“गेलं.” तो हसला. उजव्या गालाला खळी पडली आणि ती माझ्या लक्षात आली, याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी टेबलावर गरम दुधाचा ग्लास. “तह,” तो म्हणाला. “ग्लास रिकामा झाला की समजेन, बाईंचा राग गेला.”

आता याला काय सांगणार? मला दुधाचा वासही सहन होत नाही. लहानपणी आई ग्लास घेऊन घरभर माझ्यामागे धावायची आणि मी ते गुपचूप कुंडीत ओतायचे. इथे कुंडी नव्हती, पण खिडकीत एक मांजर होतं. तो वळला की मी ग्लास तिकडे सरकवायचे. तो रोज रिकामा ग्लास उचलायचा, रोज नवा ठेवायचा.

भांडणं मात्र चालूच. भाषा मी वर्षभर घोकून आले होते, तरी रागाच्या भरात अडखळायचे.

“तुम्ही अगदी… अगदी…”

“हट्टी?” तो कॅन उचलता उचलता विचारायचा.

“नाही. त्याच्या पुढचं.”

“आडमुठा?”

“हां. तेच.”

मग दोघांनाही हसू फुटायचं. धुक्यानं ओले झालेले त्याचे केस कपाळावर यायचे, आणि मी फळ्याकडे तोंड करून उगाच तारीख पुन्हा लिहायचे.

दुसऱ्या महिन्यात शिक्षण कचेरीचं पत्र आलं. महिनाअखेरीस साहेब तपासणीला येतील. ठोक्याला दहा वाजता वीस मुलं बाकांवर नसली, तर शाळा बंद. मुलांनी डोंगरापलीकडच्या शाळेत जायचं, दोन तास चालत… म्हणजे जायचंच नाही. पटावर बावीस होती. दहाला हजर असायची नऊ. बाकीची दूध घेऊन उतरायची, रिकाम्या बरण्या घरी पोचवायला पुन्हा चढायची, आणि साडेअकराला धापा टाकत परत यायची. काही तर यायचीच नाहीत.

“तुमच्या दुधापायी माझी शाळा बुडतेय,” मी त्याला सुनावलं. या वेळी एकही शब्द अडला नाही. त्यानं नळी पुसली, कॅन उचलले आणि तो निघून गेला.

सोमवारी खोली रिकामी. रांग नाही, कॅन नाही, ग्लास नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. टेबल पुसता पुसता डोळे भरून आले, तेव्हा कुठे मला कळलं की माझं काय झालंय.

दहाला दहा मिनिटं कमी असताना बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्याच्या जुन्या टेंपोत मागे दुधाचे कॅन, आणि कॅनांच्या मधे दाटीवाटीनं बसलेली तेरा मुलं. पहाटे उठून तो घरोघर दूध गोळा करत आला होता. आता कुठल्याच मुलाला बरणी वाहायची नव्हती.

“मोजून घ्या, बाई,” तो म्हणाला, आणि ग्लास माझ्या हातात दिला.

तपासणीच्या दिवशी पाऊस कोसळत होता. साहेब पावणेदहालाच येऊन बसले. बाकांवर नऊ मुलं. दहाला तीन मिनिटं कमी… दोन…

“साहेब, तुमचं घड्याळ पुढे आहे,” मी धडधडीत खोटं बोलले.

तेवढ्यात उतारावरून कालवा ऐकू आला. टेंपो नव्हता. तो होता, गुडघ्यापर्यंत चिखलात, खांद्यावर सगळ्यात धाकटी, आणि मागे धावणारी बाकीची बारा मुलं. साहेबांनी दोनदा मोजलं. बावीस. त्यांनी तिथेच कागदावर सही केली: शाळा चालू राहील.

“टेंपो?” मी हळूच विचारलं.

“रुतला. काढत बसलो असतो तर खाली दूध न्यायला येणारा टँकर मिळाला असता, शाळा नाही.”

“आणि सगळं दूध…?”

“गेलं.” तसाच हसला. मग सदऱ्याआडून एक बाटली काढली. “तुमचा ग्लास तेवढा वाचवलाय. मांजराला द्या.”

मी चपापले. “तुम्हाला माहीत होतं?”

“गावातलं सगळ्यात जाड मांजर आहे ते, बाई.”

“तरी रोज ठेवत होतात? माझा राग तर कधीच गेला होता.”

“ठाऊक होतं. नंतर मी… दुसरंच काहीतरी विचारत होतो.”

बावीस मुलं आणि साहेब बघत होते. मी बाटली तोंडाला लावली आणि सायीसकट गटागटा रिकामी केली. तो बघतच राहिला. खळी आधी आली, हसू मागून.

“शिक्षिकेची मुदत किती उरली?” साहेबांनी पेन उघडं ठेवून विचारलं.

“मुदत नको,” मी ओठ पुसत म्हणाले. “कायमची लिहा.”

संध्याकाळी आईला फोन केला. शाळा वाचली, हे सांगायचं होतं. पण तोंडून निघालं, “आई, मी आज दूध प्यायले. सगळं.”



“कोण आहे तो?” आईनं विचारलं.