पालकाचा दुसरा पुडा

“मामा, नमुना दरवेळी याच वाफ्यातला का घेतोस?” चष्मीसने विचारलं.

“फाटकाजवळ आहे म्हणून!” मामाने पालक पिशवीत कोंबला. “प्रयोगशाळेला पालक हवा, मी पालक दिला. विषय संपला!”

मामा मुलांच्या रुग्णालयामागच्या भाजीबागेचा मुकादम होता. सुट्टीत त्याच्याकडे आलेली चष्मीस, तिचा भाऊ बटाट्या आणि शेंडेफळ चिमणी दिवसभर बागेत पडीक असत. तिथे पूर्वी बॅटऱ्यांचा कारखाना होता. त्यामुळे कापणीआधी भाजी तपासायचीच, असा नियम होता.

मामा लांब गेल्यावर चष्मीस कुजबुजली, “सगळा पालक गर्द हिरवा, आणि हा एकच वाफा किरटा का रे?”

“इथे यायच्या आत खताचं पोतं संपतं!” चिमणी म्हणाली. “मी दोनदा बघितलंय!”

चष्मीसचे डोळे चमकले. तिने आपल्या विज्ञानपेटीतून आम्लता मोजायच्या पट्ट्या काढल्या. फाटकाजवळची माती पाण्यात कालवून पट्टी बुडवली, तर ती हिरवी झाली. पलीकडच्या वाफ्यातल्या मातीत मात्र पट्टी चक्क नारिंगी, म्हणजे माती आम्ल!

“बाप रे! हे अमोनियम सल्फेटचं काम! प्रयोगशाळेतली आपली मावशी सांगत होती, या खताने माती आम्ल होते. मग मातीला चिकटून बसलेलं बॅटऱ्यांमधलं विषारी कॅडमियम सुटं होतं आणि मुळं ते वर ओढतात!”

“म्हणजे विष मातीतच आहे?” बटाट्याने आ वासला.

“हो! खत फक्त त्याची कडी काढतं!”

तिघं धापा टाकत मामाकडे गेले. मामा खो खो हसला. “खताने पीक जोमात येतं, एवढं कळतं मला! डोकं खाऊ नका!”

झालं! तिघांनी पलीकडच्या वाफ्यातली पानं एका पुड्यात बांधली, वर ‘खतवाला’ असं लिहिलं आणि गुपचूप मामाच्या पिशवीत सरकवली. नमुना मावशीच्याच प्रयोगशाळेत जायचा. ती अक्षर ओळखणार, याची त्यांना खात्री होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर काय, कापणी सुरूसुद्धा झालेली!

“मामा, अजून रिपोर्ट कुठे आलाय?”

“दरवर्षी चांगलाच येतो! आज वॉर्डात पालकाचं सूप आहे.”

मामाची धाकटी मुलगी, त्यांची लाडकी छोटी, पाय मोडल्यामुळे त्याच वॉर्डात होती!

“पळा!” चष्मीस ओरडली. पालकाची गाडी स्वयंपाकघराच्या दारात पोचली होती. बटाट्याने सरळ दारात बसकण मारली. “मी उठणार नाही! हवं तर माझंच सूप करा!”

“अरे, वेड लागलंय का?” मामा धावत आला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

“दादा, कापणी थांबव!” मावशीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. “फाटकाजवळचा पालक ठीक आहे. पण खतवाल्या पुड्यात कॅडमियम मर्यादेच्या दुपटीहून जास्त आहे!”

मामा मटकन खाली बसला. “छोटीला आज मीच भरवणार होतो,” तो पुटपुटला.

गोंधळ ऐकून मोठे डॉक्टर बाहेर आले. “काय झालं?”

मामा उठला. “चूक माझी आहे, साहेब. सोपा पडतो म्हणून एकाच वाफ्याचा नमुना पाठवत राहिलो. ती चूक या पोरांनी पकडली.”

“शाब्बास!” डॉक्टरांनी तिघांशी हात मिळवले. “आज वॉर्डातल्या चाळीस मुलांना तुम्ही वाचवलंत.”

“एकेचाळीस,” मामा म्हणाला आणि त्याने बटाट्याला घट्ट पोटाशी धरलं. “माझी छोटी कालच वॉर्डात आली.”